सहाही नळ्या लाल

माझे बाबा वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि झाडापाल्याबद्दल त्यांना जेवढं कळत होतं तेवढं आमच्या दारावर येणाऱ्या भाजीवालीला डोक्यावरची टोपली खाली ठेवायच्या आत कळत होतं. हे वाक्य मी आज लिहिते आहे, त्यांना जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. ते होते तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही, म्हणजे माझीही लायकी काय ती पहिल्याच परिच्छेदात कळून गेलेली बरी. उगाच शेवटपर्यंत वाट पाहायला नको.

आमचं घर नागपुरात नंदनवनला होतं. घरात फ्रिज आला तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला नाही, बैठकीत गेला. सोफ्याच्या शेजारी, अगदी दारातून येणाऱ्याच्या नजरेसमोर. त्याच्यावर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब. वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरात प्लास्टिकचे गुलाब! कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, बाबांना तर नाहीच. उलट दर रविवारी ते स्वतः ओल्या फडक्यानं त्यांच्या पाकळ्या पुसायचे. फ्रिज सुरू झाला की बैठकीतला दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि मग घुर्रर्र असा आवाज सुरू व्हायचा, तो थांबेपर्यंत रेडिओवरच्या बातम्या नीट ऐकू यायच्या नाहीत. मार्च संपता संपता कूलर लागायचा, त्याच्या खसच्या ताट्यांतून पाणी टपटपायचं, ओल्या खसचा वास घरभर. नागपूरच्या उन्हाळ्यातलं एवढं एकच सुख. दुपारी गल्लीतल्या बाया डबे घेऊन बर्फ मागायला यायच्या. बाबा घरी असले तर बर्फ फुकट मिळायचा नाही, त्याच्यासोबत भाषण ऐकावं लागायचं. पाण्याचा बर्फ कसा होतो, कोणत्या तापमानाला होतो, फ्रिजमधली हवा कशी फिरते. शेजारची काकू पदरानं घाम पुसत उभी, हातात डबा, डब्यात बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं, आणि बाबांचं अजून सुरूच.

आईला फ्रिजचं कौतुक होतं, पण ती त्याच्याशी संसारातल्या भांड्यासारखं वागायची. काय चालतं, काय नाही, ते करून पाहायची. एकदा पाहुणे येणार म्हणून तिनं काकड्या गार व्हाव्या म्हणून वरच्या बर्फाच्या खणात ठेवल्या आणि विसरली. दुसऱ्या दिवशी काढल्या तर काचेसारख्या टणक. तासाभरात त्यांचा पार गाळ झाला. ताटलीत पाणीच पाणी, आणि मधे काकडीच्या नावाखाली एक लिबलिबीत चिंधी. आईनं ती चिंधी उचलून बाबांना दाखवली. बाबा म्हणाले, "काकड्याच खराब असतीन. शेतकरी आजकाल काय काय टाकतेत." त्या दिवसापासून आईनं वरच्या खणात बर्फाशिवाय काहीही ठेवलं नाही. माझी आई सहावी शिकलेली होती. तिला मी देवी बनवायला निघाले नाही, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल की झाली सुरुवात. ती तापट होती, आळशी होती, दुपारी तीन तास झोपायची आणि उठवलं की अंगावर यायची. पण एकदा चूक केली की पुन्हा करायची नाही. बाबांना ते जमलं नाही, कारण चूक झाली हे कबूल करायला लागतं आधी.

आता ज्याच्यावरून पुढचं सगळं घडलं तो प्रयोग. मी पुढं सबंध नोकरीभर हाच प्रयोग शिकवला, त्यामुळं दोन वाक्यांत सांगू शकते. बीटाचा लाल रंग पेशीच्या आत एका पिशवीत बंद असतो. पिशवीला एक पडदा, पेशीला दुसरा. पडदे धड आहेत तोवर रंग आत. बीटाच्या सारख्या चकत्या कापायच्या, धुवून धुवून वरवरचा रंग काढून टाकायचा, आणि मग एकेक चकती वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्याच्या काचनळ्यांत टाकायची. बर्फाच्या पाण्यात, तीस अंशाला, चाळीसला, पन्नासला, साठला, सत्तरला. पहिल्या दोन नळ्यांत पाणी स्वच्छ राहतं, चाळीसला किंचित गुलाबी झाक येते, आणि पन्नासच्या पुढं पडदा टिकत नाही, रंग भळभळ बाहेर येतो. पोराटोरालाही कळावं असा साधासुधा प्रयोग आहे. आणि आमच्या पुस्तकात या प्रयोगाचं पान उलटलं की पुढं लिहिलेलं होतं की थंडीनंही पडदा फाटतो, फक्त नुसत्या गारव्यानं नाही. पेशीतल्याच पाण्याचा बर्फ झाला की त्याचे टोकदार कण पडद्याला भोकं पाडतात, आणि बर्फ वितळला की रंग मोकळा. बाबा ते पान कधी उलटत नसत. आलेख आला की त्यांचा तास संपायचा.

बरं, प्रयोग तरी व्हायचा का? छे! मी बाबांच्याच कॉलेजात बीएस्सीला होते, आणि तिथं प्रॅक्टिकल म्हणजे डिक्टेशन. बाबा टेबलाशी उभे राहून सांगायचे, "लिहा. बर्फ, कलरलेस. तीस, कलरलेस. चाळीस, फेंट पिंक." आणि चाळीस माना खाली. बीट कोणी पाहिलंच नाही. मागल्या बॅचचं एक जर्नल होतं, कोपरे झिजलेलं, तेलाचे डाग पडलेलं. ते वर्षानुवर्षं हातोहात फिरत होतं आणि त्यातले आकडे पोथीतल्यासारखे उतरवले जायचे. कोणाच्या तरी हातून एकदा बावन्नचा बासष्ट झाला होता, तो बासष्ट मग पुढच्या सगळ्या बॅचनी इमानेइतबारे उतरवला. पोट्टे खूश, मास्तर खूश. त्यांना विज्ञान शिकायचं नव्हतं, बीएस्सी व्हायचं होतं. आणि मी त्यांच्यापेक्षा वेगळी नव्हते. मला तर ते जर्नल घरातच मिळत होतं.

वेगळी एकच होती. वच्छला. हुडकेश्वर तेव्हा शहरात धरलं जात नसे; तिथून ती सायकलनं यायची, आणि आल्यावर अर्धा तास तिच्या कानशिलांवरून घाम ओघळत असायचा. आमच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. लग्न झालेलं, एक मुलगी. सासऱ्यानं शिकायची परवानगी दिली होती, पण अट घालून. एकदा जरी नापास झाली तर कॉलेज बंद, दुसऱ्यांदा फॉर्म भरायचा नाही. दोन वर्षं ती काठावर का होईना, पास होत आली होती. हे शेवटचं वर्ष. गावाजवळच्या एका शाळेत सायन्सला बाई हव्या होत्या, हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, पास झालीस की जुलैपासून ये. हे ती मला इतक्या वेळा सांगायची की मला कंटाळा यायचा. "जुलैपासून वं, प्रभा," म्हणायची, "जुलैपासून मी बाई." वर्गातली पोरं तिला 'काकू' म्हणायची. ती त्यांना सरळ सांगायची, "हो गा, काकूच आहो. तुह्या मायवानी. मंग पाय लाग." जर्नलमधले आकडे ती उतरवायची नाही असं नाही, तिलाही दुसरा इलाज नव्हता, पण उतरवताना विचारायची, "हे काहून असं होते वं?" मी सांगायचे, पुस्तकात आहे म्हणून. ती म्हणायची, "पुस्तकात काहून आहे पण?" मला तिच्या प्रश्नांची चीड यायची. तरीही मी तिच्याच शेजारी बसायचे, कारण वर्गात माझ्याशी प्राध्यापकाची मुलगी म्हणून न बोलणारी ती एकटीच होती.

परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला होती. बाहेरून एक परीक्षक येणार, म्हणजे एक्सटर्नल. त्याच्यासमोर डिक्टेशन चालणार नव्हतं, खरंखुरं बीट टेबलावर लागणार होतं. आणि बीट हिवाळ्याचं. एप्रिलात बाजारात जे असतं ते सुरकुतलेलं. म्हणून बाबांनी दोन दिवस आधीच चांगले बघून थैलीभर बीट आणले. कॉलेजचा फ्रिज बिघडलेला होता, तो बिघडलेलाच असायचा, त्यात चपराशी चपला ठेवायचा. तेव्हा बीट आमच्या बैठकीत. बाबांनी स्वतःच्या हातानं बर्फाचे ट्रे बाहेर काढले आणि वरच्या खणात एकेक बीट कोंबलं.

आई पाहत उभी होती. म्हणाली, "अजी, वर नका ठेवू. मऊ पडतीन. काकडीचं काय झालं होतं?"

"थ्या काकड्या होत्या," बाबा म्हणाले. "हे बीट आहे. कंद. तुले काय समजते त्याच्यातलं? जितकं थंड तितकं ताजं."

"मले काई नाही समजत," आई म्हणाली. "पन मऊ पडतीन."

बावीस वर्षं पेशीचा पडदा शिकवलेला माणूस! इंग्रजीत त्या पडद्याचं नाव घेताना ते ओठांचा चंबू करायचे, दाढी करताना आरशात बघून तो तास म्हणून पाहायचे. आणि घरच्या फ्रिजच्या वरच्या खणात तोच पडदा स्वतःच्या हातानं फाडून ठेवला, आणि वर फ्रिजचं दार नीट लागलं की नाही ते दोनदा ढकलून पाहिलं. बाबा बीट खातही नसत, मातीचा वास येतो म्हणायचे. मला आज त्यांचा राग येत नाही. राग माणसाचा येतो, आणि मला त्यांच्यातला माणूस कमी आणि शर्टाची कडक इस्त्री जास्त आठवते.

परीक्षा सकाळची होती, आठची. ऊन चढायच्या आत उरकावी म्हणून. बीट आदल्या रात्रीच थैलीत काढून ठेवले होते; कॉलेजात पोचेपर्यंत थैलीच्या बुडाशी लाल पाणी जमलं होतं, ते रिक्षात माझ्या सलवारीला लागलं. बाबा म्हणाले, उन्हानं घाम आला त्यांना. प्रयोगशाळेत आम्ही नळीदार चाकूनं बीट कापायला घेतलं तर तो भिजलेल्या साबणात जावा तसा आत गेला. चकत्या धुवायला घेतल्या. एक पाणी, लाल. दुसरं पाणी, लाल. सहावं पाणीही लालच. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी एकदा धुतलं आणि नळ्यांत टाकून मोकळे झाले. वच्छला धूत बसली होती. मी पाहिलं, तिनं नऊ वेळा धुतलं. नवव्यांदाही तिच्या बोटांना रंग येत होता. मग तिनं चकत्या नळ्यांत टाकल्या, आणि आम्ही दोघी थांबलो.

ठरलेला वेळ झाला तेव्हा मी मान वर करून प्रयोगशाळेभर पाहिलं. प्रत्येक टेबलावर स्टँड, प्रत्येक स्टँडवर सहा नळ्या, आणि प्रत्येक नळी लाल. बर्फातली लाल, तीसची लाल, सत्तरची लाल. डाळिंबाचा रस भरून ठेवल्यासारखं ते दिसत होतं, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. आणि त्या नळ्यांमागं चाळीस माना खाली घालून लिहीत होत्या. काय लिहीत होत्या ते मला माहीत होतं. कलरलेस. कलरलेस. फेंट पिंक. त्यातल्या कित्येकांनी नळ्यांकडं पाहिलंसुद्धा नसेल, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं असेल की आपल्या डोळ्यांतच दोष आहे. त्यातला एक पुढं डॉक्टर झाला. मी आजारी पडले तर त्याच्याकडं जाणार नाही.

वच्छला माझ्या कानाशी वाकली. "प्रभा, माही तं बर्फातलीबी लाल हाय. तुही?"

"माहीबी."

"मंग लिहू काय?"

"जे दिसते ते लिहू," मी म्हटलं.

"तूबी?"

"हो."

आणि मी लिहिलं. खरंच लिहिलं, शाईनं. बर्फ, रेड. तीस, रेड. मला आठवतं, छातीत धडधड होत होती आणि त्या धडधडीची मला मजा येत होती. मग मागून डोक्याच्या तेलाचा वास आला. बाबा माझ्या खुर्चीमागं उभे होते. त्यांनी माझी पहिली नळी स्टँडमधून उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. दुसरी उचलली नाही. त्यांना त्या क्षणी कळलं असावं असं मला वाटतं. थैलीच्या बुडाचं पाणी, आईची काकडी, सगळं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही म्हणून नक्की सांगता येत नाही. ते खाकरले आणि हळू आवाजात म्हणाले, "पहिली कलरलेस असते. घाई करू नको." आणि पुढं गेले.

वनस्पतीशास्त्राच्या पोरींकडं ब्लेड असतंच, देठाच्या चकत्या कापायला. मी त्याच ब्लेडनं कागदावरची शाई खरवडली. कागद पातळ झाला, पण फाटला नाही. मग त्यावर नीट अक्षरात 'कलरलेस' लिहिलं. वच्छला तेव्हा आलेख काढत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिचा आलेख म्हणजे एक आडवी सरळ रेघ. एवढी सरळ रेघ त्या कॉलेजात कोणी कधी काढली नसेल.

एक्सटर्नल दाराजवळच्या टेबलाशी, पंख्याखाली बसला होता. त्याला लिंबाचं सरबत दिलेलं, दुसऱ्यांदा भरलेलं. तो माणूस सकाळपासून त्या खुर्चीतून उठला नव्हता; आम्हीच एकेक करून वही घेऊन त्याच्यापुढं जात होतो. वच्छलाची वही पाहून त्यानं चष्मा वर केला.

"हे काय? सहाही लाल?"

"हो सर. पाहून घ्या ना. तिथंच आहेत नळ्या."

नळ्या चार पावलांवर होत्या. मी मोजली आहेत ती पावलं, नंतर, त्याच कॉलेजात नोकरीला लागल्यावर, एकदा नाही, दहादा. त्यानं नळ्यांकडं नाही, बाबांकडं पाहिलं. बाबा म्हणाले, "चकत्या धुतल्या नसतील. घाईची आहे ती जरा, संसारी बाई." वच्छला म्हणाली, "नऊ डाव धुतल्या सर." दोघंही हसले. एक्सटर्नलनं तिला विचारलं, असं का व्हावं, सांग. तिला सांगता आलं नाही. कसं येणार? ते पान तिला कोणी शिकवलंच नव्हतं. पण ती म्हणाली, "काहून झालं ते मले नाही माहीत. पन झालं." यादीत तिच्या नावापुढं पेन्सिलनं आकडा पडला. माझ्या नावापुढं दुसरा पडला. माझ्या खरवडलेल्या कागदावरून त्याचं बोट फिरलं, आणि तो म्हणाला, "व्हेरी गुड. बाबांचं नाव राखलं."

परीक्षा संपली की एक्सटर्नलला जेवायला घरी न्यायचं असा रिवाज होता. त्याला रिवाज म्हणायचे. मी लाच म्हणते, कारण आता मला पेन्शन आहे. आईनं पहाटेपासून रांधलं होतं. पुरणपोळी, कढी, पाटोडीचा रस्सा, गोळाभात, भजी, तुपाची वाटी. आणि बीटाची कोशिंबीर, कारण सकाळच्या थैलीतले सात-आठ बीट उरले होते आणि आईला अन्न टाकवत नसे. दोघं पाटावर बसले. एक्सटर्नल जेवणारा गडी होता, चौथ्या पोळीला त्याचा शर्ट पोटावर ताणला गेला. याद्या त्याच्या बॅगेत होत्या, बॅग सोफ्यावर, फ्रिजच्या शेजारी. जेवल्यावर तो त्या शाईनं भरून पाकिटाला लाख लावणार होता. मी भजी वाढत होते.

"वहिनी," तो म्हणाला, "सगळं झकास, पण कोशिंबिरीला पाणी सुटलं."

"बीटच तसे निघाले जी," आई म्हणाली. "यायनं दोन दिवस वरच्या बर्फात ठेवले होते. गोटे झाले होते पार. मी सांगून राहिली होती, मऊ पडतीन, पाणी सोडतीन. आयकतेत कुठं?"

एक्सटर्नलचा घास हातातच राहिला. तो मूर्ख नव्हता, हेच तर वाईट. मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. "कोणते बीट?" त्यानं विचारलं. "सकाळचे?"

"हो ना. तेच. उरले थे किसले."

"अवं, कढी वाढ ना त्यायले," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, कूलरसमोर बसून.

एक्सटर्नलनं घास खाली ठेवला आणि हसू लागला. आधी हळू, मग पोट हलवत. "म्हणजे ती बाई... सहाही लाल... अहो, म्हणजे ती एकटीच बरोबर होती की!" बाबा पानाकडं पाहत होते. "यादी अजून पेन्सिलीतच आहे," तो म्हणाला, आणि हसता हसता थांबला. कारण आता त्याच्याही ध्यानात आलं असावं की एकटी ती बरोबर, तर उरलेले सगळे खोटे, आणि त्या सगळ्या वह्यांवर सकाळपासून त्यानं सही केलेली. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. त्याला एक आधार हवा होता, आणि मी भज्यांचं ताट घेऊन समोर उभी होते.

"बेटा, तू तर तिच्या शेजारीच होतीस. खरं सांग. तुझ्या पहिल्या नळ्या कशा होत्या?"

खोलीत फ्रिज घुर्रर्र करत होता. मी लाल म्हटलं असतं तर सगळ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली असती, नीट बीट आणून. बाबांची छी-थू झाली असती. वच्छला पास झाली असती. हे सगळं मला त्या वेळी दिसलं, अगदी लख्ख दिसलं, आणि त्यातलं काहीही माझ्या उत्तराचं कारण नव्हतं. मला फर्स्ट क्लास हवा होता. एवढंच. बाबांच्या अब्रूचं कारण मी नंतर शोधलं, रात्री झोप यावी म्हणून.

"कलरलेस होत्या सर," मी म्हटलं. "पहिल्या दोन."

"आमची प्रभा खोटं नाही बोलत जी," आई म्हणाली. तिला बिचारीला काय चाललंय ते कळलंच नव्हतं. मुलीला कोणी काही विचारलं, आणि मुलीनं नीट उत्तर दिलं, एवढंच तिनं पाहिलं.

"झालं मग," एक्सटर्नल म्हणाला. त्याचा चेहरा सैलावला. "काही बीटं बरी असतील, काही नसतील. तिच्या नशिबी खराब आलं. वहिनी, अजून एक पोळी चालेल. तूप मात्र हात राखून नको." बाबांनी आपली कोशिंबिरीची वाटी जवळ ओढली आणि तळापर्यंत संपवली, लाल पाण्यासकट. जन्मात पहिल्यांदा त्यांनी बीट खाल्लं, आणि चव कशी आहे ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

निकाल जूनमध्ये लागला. वच्छला थिअरीत सगळ्या विषयांत पास होती, प्रॅक्टिकलमध्ये गेली. प्रॅक्टिकलमध्ये गेलं की सगळंच गेलं, असा नियम होता. बोर्डासमोर ती आली तेव्हा मी तिथंच होते. तिनं आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. सासऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, नंबर नसला तर सायकल विकायची. जुलैत त्या शाळेत दुसरी कोणी बाई लागली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काय बोलणार होते देव जाणे. त्याआधीच तिनं माझा हात धरला.

"रडू नको वं," ती म्हणाली. मी रडत होते हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं. "तुह्या बाबानं तुले सांभाळून घेतलं, बरं झालं. मी तं म्हून राहिली होती, दोघींचंबी गेलं. एक तरी वाचली ना."

तिला वाटत होतं मीही लालच लिहिलं. तिला अजूनही तसंच वाटतं.

मी एमएस्सी झाले, पीएचडी झाले, बाबा निवृत्त झाले त्याच खात्यात लागले, आणि त्या खात्याची प्रमुख म्हणून बाहेर पडले. पहिल्याच वर्षी ते झिजलेलं जर्नल मी चुलीत घातलं. तीसेक बॅचना खरंखुरं बीट कापायला लावलं, ज्यांनी न पाहता आकडे लिहिले त्यांना नापास केलं, आणि पोरं मला 'हिटलर बाई' म्हणायची. कडक शिस्तीच्या, तत्त्वाच्या, असं माझ्या निरोप समारंभात तीन जण बोलले. मी हार घालून घेतला. बोलणाऱ्यांची कीव आली, आणि हार घालून घेणारीची जरा जास्त.

वच्छला अजून हुडकेश्वरलाच आहे. तिच्या शेतावर आता फ्लॅटच्या चार मजली इमारती उभ्या आहेत, त्यातल्या एकीत ती राहते. शिकवण्या घेतल्या तिनं जन्मभर, घरच्या घरी, दहावीपर्यंतच्या पोरांच्या. पुढचं शिकवायला डिग्रीचा कागद नव्हता. मला ती प्रत्येक कार्याला बोलावते. नाही गेलं तर फोनवर फोन, "काहून नाही आली वं?" गेल्या महिन्यात तिच्या नातीला बारावीत चांगले मार्क मिळाले म्हणून पेढे होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. तिनं मला हाताला धरून मधोमध नेलं, आणि नेहमी सांगते तसं सगळ्यांना सांगितलं, "हे माही मैत्रीण, प्रोफेसर. पूर्ण बॅचमधी आम्ही दोघींनंच खरं लिहिलं होतं."

नात हुशार आहे. तिनं पेढ्याचं ताट माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "मग आजी, तुम्हाला पास कसं केलं त्यांनी?"

मी पेढा उचलला होता. वच्छलानं माझ्या आधी उत्तर दिलं. "तिनं का सांगितलं होतं पास करा म्हून? खरं बोलनारं मानूस कुठंबी तरून जाते, बाई." आणि माझ्याकडं वळून, अगदी मायेनं, म्हणाली, "सांग ना वं तिले."

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "हो."